देशी मालाचा अग्रक्रम आणि खरेदीदाराचे बंधन : सोनईच्या इथेनॉलच्या निमित्ताने एक परीक्षण

१

राज्यसंस्था कायदे करते व कर गोळा करते, तशीच ती बाजारात उतरून माल विकतही घेते. रुळांपासून कागदापर्यंत आणि औषधांपासून इंधनापर्यंत तिची खरेदी अखंड चालू असते. ही खरेदी कोणाकडून करावी, या प्रश्नाला अर्थकारणाइतकीच राजनीतीचीही बाजू आहे. म्हणूनच देशी मालाला अग्रक्रम देणारे नियम लहानमोठ्या अनेक देशांत आढळतात. त्यांच्याविषयीची चर्चा मात्र बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. देशी माल घेतल्याने तिजोरीवर अधिक भार पडतो काय, हा पहिला प्रश्न. आणि त्या भाराच्या मोबदल्यात देशी उद्योग खरोखर वाढीस लागतो काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु दोहोंतही दृष्टी विक्रेत्यावरच खिळलेली आहे. विक्रेता देशी आहे की नाही, त्याच्या मालात देशी अंश किती, त्याचा भाव चढा की उतरता, हे सारे तपासले जाते. खरेदीदाराने स्वतःवर कोणते बंधन घालून घेतले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः अग्रक्रमाच्या नियमाची खरी कसोटी याच ठिकाणी आहे. हे विधान केवळ तत्त्वाच्या पातळीवर मांडून भागणार नाही. त्यासाठी एखादे प्रत्यक्ष उदाहरण समोर हवे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सोनई हे गाव आहे. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना निघाला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, त्याच जिल्ह्याच्या परंपरेतील हा कारखाना होय. साखरेबरोबर इथेनॉलकडे वळलेल्या महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखान्यांत त्याची गणना होते. इंधनात मिसळण्याचे इथेनॉल सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या देशी उत्पादकांकडूनच घेतात. तेव्हा देशी मालाच्या अग्रक्रमाची इतकी संपूर्ण कसोटी पाहण्यास सोनईसारखे दुसरे ठिकाण शोधण्याची गरज नाही.

२

या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादीच्या वेषात गेले. त्यात व्यक्तीने आपल्या खरेदीतून करावयाच्या निषेधाचे रूप होते. राज्याने आपल्या खरेदीतून काय करावे, हा त्यापुढचा प्रश्न होय. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात या प्रश्नाची तात्त्विक बैठक सापडते. फ्रीड्रिख लिस्ट याच्या विचारांचा आधार घेऊन रानड्यांनी असे प्रतिपादिले की, मागासलेल्या देशात उद्योगांची जोपासना ही राज्याच्या कर्तव्यांपैकी एक आहे. लिस्टच्या मांडणीतील एक अट मात्र त्याच्या पुष्कळशा अनुयायांकडून विसरली जाते. बाल्यावस्थेतील उद्योगाला दिलेले संरक्षण मुदतीचे असले पाहिजे, म्हणजेच ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच बांधील ठेवणारे असले पाहिजे.

ब्रिटिश सरकारच्या भांडारखरेदीचे नियम या दृष्टीने वाचनीय आहेत. हिंदुस्थान सरकारला लागणारा बहुतेक माल लंडनमधील इंडिया ऑफिसच्या भांडार खात्यामार्फत येत असे. रिपनच्या कारकीर्दीत, १८८३ मध्ये, स्थानिक खरेदीला उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर झाले. परंतु माल दर्जात व किमतीत विलायती मालाच्या तोडीचा असावा, ही अट त्याच्या मुळाशी होती. ज्या उद्योगाला अद्याप उभे राहावयाचे आहे त्याला, तू उभा राहिल्यावर तुझा माल घेऊ, असे सांगण्यासारखेच हे होते. पुढे १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाने व त्यानंतरच्या भांडारखरेदी समितीने या व्यवस्थेचे दोष दाखविले. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले, आणि १९३१ पासून निविदा हिंदुस्थानात, रुपयांत मागविण्याची पद्धत रूढ झाली. या सुमारे पन्नास वर्षांच्या वाटचालीत नियमाची भाषा देशी मालाच्या दिशेने सरकत गेली, यात शंका नाही. तथापि खरेदी किती काळ व किती प्रमाणात होईल याची हमी त्या भाषेत कोठेच आली नाही.

३

स्वतंत्र भारताच्या नियमांत ही उणीव कितपत भरून निघाली, हे २०१७ च्या आदेशावरून पाहता येते. त्या वर्षी १५ जून रोजी सार्वजनिक खरेदीत देशी उत्पादनाला अग्रक्रम देणारा आदेश केंद्र सरकारने काढला, आणि १६ सप्टेंबर २०२० रोजी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. सुधारित आदेशान्वये ज्याच्या मालातील स्थानिक अंश निदान ५० टक्के आहे तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार. २० टक्क्यांहून अधिक पण ५० टक्क्यांहून कमी असलेला दुसऱ्या वर्गाचा. आणि त्याखालचा अस्थानिक. २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी सर्वसाधारणपणे जागतिक निविदा मागवावयाची नाही, असाही दंडक २०२० मध्ये घालण्यात आला.

या आदेशातील अग्रक्रमाची रीत बारकाईने पाहिली पाहिजे. सर्वांत कमी भावाचा देकार पहिल्या वर्गाच्या पुरवठादाराचा नसेल, तर ज्याचा देकार त्या भावाच्या वर २० टक्क्यांच्या आत आहे अशा पहिल्या वर्गाच्या पुरवठादाराला तोच सर्वांत कमी भाव स्वीकारण्याची संधी दिली जाते. माल विभागण्याजोगा असेल तर निम्मे प्रमाण त्याच्या वाट्याला येते. याचा अर्थ असा की, शासन देशी मालासाठी एक पैसाही अधिक देत नाही. परकी भावात देशी माल देण्याची परवानगी तेवढी देते. यात तिजोरीचे हित सांभाळले आहे. किंमत उतरविण्याचा भार मात्र सर्वस्वी देशी विक्रेत्याने उचलावयाचा आहे. १८८३ च्या अटीची छाया येथे अद्यापही दिसते.

तुलनेसाठी अमेरिकेचा १९३३ चा देशी खरेदीचा कायदा घ्यावा. तेथे परकी देकाराच्या भावात ठराविक टक्के मिळवून मगच तुलना केली जाते, म्हणजे देशी मालासाठी थोडा अधिक भाव मोजण्याची तयारी नियमातच नमूद आहे. तसेच देशी अंशाची मर्यादा २०२२ मध्ये ६० टक्के, २०२४ पासून ६५ टक्के आणि २०२९ पासून ७५ टक्के असा क्रम आधीच जाहीर करण्यात आला. त्या कायद्याचे इतर दोष कोणतेही असोत, विक्रेत्याला पुढील काही वर्षांचे चित्र त्यात दिसते, एवढे मान्य करावे लागते.

४

इथेनॉलची खरेदी वरील आदेशाच्या चौकटीबाहेर, स्वतंत्र कार्यक्रमाखाली चालते. तिचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही स्थाने त्यांत होती. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम जाहीर झाला. पण पुढील दहा वर्षांत त्याला फारसा जोर आला नाही. २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण केवळ १.५३ टक्के होते. २०१४ च्या अखेरीस केंद्र सरकारने इथेनॉलचा भाव स्वतः ठरविण्यास आरंभ केला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी व उसाचा रस यांपासून केलेल्या इथेनॉलला वेगवेगळे भाव मिळू लागले, आणि त्याच वर्षी इंधनासाठी इथेनॉल आयात करण्यास प्रतिबंध झाला. २०२३-२४ मध्ये मिश्रण १४.६ टक्क्यांवर पोहोचले, आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले.

सोनईच्या बाजूने पाहता या कार्यक्रमाचे महत्त्व निर्विवाद आहे. साखरेचा भाव पडला की कारखान्याचे हातपाय बांधले जातात, आणि उसाचे पैसे थकतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत सभासदाला रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. विलंबास पंधरा टक्के व्याज आहे. साखर गोदामात पडून राहते, तर इथेनॉलचे पैसे तेल कंपनीकडून थोड्या आठवड्यांत हाती येतात. तेव्हा या खरेदीने उसाच्या अर्थव्यवस्थेला एक दुसरा पाय दिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. आसवनी उभारण्यासाठी कारखान्यांनी काढलेल्या कर्जांवर २०१८ च्या योजनेखाली पाच वर्षे व्याजसवलतही देण्यात आली. शासन, तेल कंपन्या व बँका या तिघांनीही कारखान्याला एकाच दिशेने ढकलले.

५

आता याच व्यवस्थेची दुसरी बाजू पाहावी. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळपाचा हंगाम ऐन भरात असताना, केंद्र सरकारने २०२३-२४ या वर्षासाठी उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल करण्यास तत्काळ मनाई केली. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, साखरेचे उत्पादन घटण्याची भीती होती, आणि देशांतर्गत साखरेचा भाव चढू नये हा हेतू होता. आठवड्याभराने, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ही मनाई सैल करण्यात आली. पुढील वर्षासाठीची मोकळीक ऑगस्ट २०२४ अखेर मिळाली. हेतूची योग्यता क्षणभर मान्य केली तरी नियमाचे स्वरूप लपत नाही. परदेशी विक्रेत्याला दार बंद होते, आणि देशी विक्रेत्याला तेच दार एका दिवसात बंद करता येत होते. दार उघडे ठेवण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

भावाच्या बाबतीतही हीच एकतर्फी रचना दिसते. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. तो २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होता. २०२३-२४ मध्ये ३१५ झाला आणि २०२४-२५ मध्ये ३४० झाला. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा भाव याच काळात लिटरला ६५.६१ रुपये आणि बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा ६०.७३ रुपये असा स्थिर राहिला. साखरेची किमान विक्री किंमतही २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली ती या काळात बदलली नाही. कच्च्या मालाचा भाव ठरविणारा आणि पक्क्या मालाचा भाव ठरविणारा एकच असताना एक भाव चढत जावा व दुसरा जागचा हलू नये, ही गोष्ट केवळ दुर्लक्षाची मानता येणार नाही. अग्रक्रमाच्या नियमात या दोन भावांना जोडणारा दुवा नाही, हे तिचे कारण आहे.

तिसरी गोष्ट देशी विक्रेत्यांच्या आपसांतील स्पर्धेची. २०२३-२४ पासून मका व तांदूळ यांपासूनचे इथेनॉल उसापासूनच्या इथेनॉलच्या पुढे गेले. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये भाव देण्यात आला. २०२५-२६ साठी उत्पादकांनी सुमारे १,७७६ कोटी लिटरचे देकार दिले. त्यांपैकी सुमारे १,०४८ कोटी लिटरचेच वाटप झाले. मार्च २०२५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी आपले प्रकल्प मक्यावरही चालतील असे बदलून घ्यावेत, यासाठी व्याजसवलतीची नवी योजना आली. म्हणजे ज्या कारखान्याने रसासाठी कर्ज काढले त्याने आता मक्यासाठीही कर्ज काढावे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. दरम्यान मक्याला इंधनाची मागणी वाढल्याने कुक्कुटपालनाला तो महाग पडू लागला, आणि २०२४ मध्ये देशाची मक्याची आयात पुष्कळ वाढली. एका दाराने थोपविलेला परदेशी माल दुसऱ्या रूपाने दुसऱ्या दाराने आला. देशीपणाची व्याख्या केवळ अंतिम वस्तूवर बसविली म्हणजे असे घडणे अपरिहार्य आहे.

६

येथे आंतरराष्ट्रीय नियमांचा विचार केल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही. गॅट कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदातील आठव्या परिच्छेदाने सरकारी खरेदीला समान वागणुकीच्या नियमातून सूट दिली आहे. मात्र ती खरेदी शासकीय प्रयोजनासाठी असावी व व्यापारी पुनर्विक्रीसाठी नसावी, अशी तिची शर्त आहे. भारत सरकारी खरेदीविषयीच्या स्वतंत्र बहुपक्षीय करारात सामील झालेला नाही. २०१० पासून तो केवळ निरीक्षक आहे. तेव्हा भारताचे संरक्षण मुख्यतः वरील परिच्छेदावर अवलंबून आहे.

या परिच्छेदाची मर्यादा सौर विद्युत्घटांच्या वादात स्पष्ट झाली. राष्ट्रीय सौर मोहिमेत वीज विकणाऱ्या प्रकल्पांनी देशी घट वापरावेत, ही अट अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेपुढे नेली. सप्टेंबर २०१६ मध्ये अपील मंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. सरकार विकत घेते ती वीज, आणि भेदभाव होतो तो घटांबाबत; या दोन वस्तू एक नव्हेत, हा निर्णयाचा गाभा होता. इथेनॉलला हा विचार लावून पाहिला तर अडचण आणखी उघड होते. तेल कंपन्या इथेनॉल स्वतःच्या वापरासाठी घेत नाहीत. ते पेट्रोलमध्ये मिसळून विकतात. परिच्छेदाच्या शब्दांप्रमाणे ही पुनर्विक्रीच आहे. म्हणून सोनईच्या इथेनॉलला प्रत्यक्ष आधार आहे तो खरेदीच्या अग्रक्रमाचा नसून आयातबंदीचा आहे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीच्या अहवालांत ही बंदी व्यापारातील अडथळा म्हणून नोंदली जाते. व्यापाराच्या वाटाघाटीत ती उठली, तर कारखान्याच्या हाती दाखविण्याजोगा करार राहणार नाही.

या विवेचनातून आणखी एक निष्कर्ष निघतो. व्यवहाराला सरकारी खरेदी म्हटले जात असले तरी इथेनॉलचा खरा ग्राहक पेट्रोल भरणारा नागरिक आहे. अग्रक्रमाचा खर्च, असेल तेवढा, तोच देतो. परंतु त्याला निवड नाही, आणि विक्रेत्याला हमी नाही. या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या शासनाला मात्र दोन्ही बाजूंनी मोकळीक आहे.

७

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अन्नाचा प्रश्न ज्या देशात संवेदनशील आहे तेथे शासनाने स्वतःचे हात बांधून घेणे शहाणपणाचे नाही. अवर्षणाच्या वर्षी साखर की इंधन, हा निर्णय शासनालाच घ्यावा लागेल. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याने बंधनाची गरज नाहीशी होत नाही, फक्त बंधनाचा प्रकार बदलतो. पुरवठा थांबविण्याचा अधिकार राखून ठेवता येईल. त्या अधिकाराच्या वापराने होणारे नुकसान एकट्या विक्रेत्याच्या माथी जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. इथेनॉलची तूट असलेल्या राज्यांत उभ्या राहणाऱ्या स्वतंत्र प्रकल्पांशी तेल कंपन्यांनी दीर्घ मुदतीचे खरेदी करार केले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. खरेदीदाराला बांधून घेणे अशक्य नाही, हे त्यावरून सिद्ध होते. जेथे माल आधीच तयार आहे तेथे मात्र त्याची गरज भासली नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. उसाच्या इथेनॉलला हमी देणे म्हणजे पाण्याच्या उधळपट्टीला हमी देणे होय, असे तो सांगतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाण्याचा हिशेब मांडला आहे. मुळा धरणाची क्षमता २६ अब्ज घनफुटांची असली तरी तुटीच्या वर्षांत त्यातील पाणी जायकवाडीसाठी सोडावे लागते, आणि त्यावरून नगर व मराठवाडा यांच्यात वाद उभा राहतो. या आक्षेपातील सत्य नाकारता येत नाही. किंबहुना प्रस्तुत परीक्षणाच्या मुख्य मुद्द्याला त्यातून पुष्टीच मिळते. देशी अंशाची टक्केवारी मोजणारा नियम देशाच्या पाण्याचा अंश मोजीत नाही. खरेदीदाराने दीर्घ मुदतीचे बंधन पत्करावयाचे म्हटले म्हणजे त्याला पाण्याचा हिशेबही आधीच करावा लागेल, आणि ठिबक सिंचन किंवा पिकाची मर्यादा यांसारख्या अटी करारात घालता येतील. आज वर्षावर्षाने दिलेल्या खरेदीत अशा अटींना जागाच नाही.

८

सारांश, देशी मालाला अग्रक्रम देणारा नियम दोन प्रकारचा असू शकतो. एकात केवळ परक्याला दूर ठेवले जाते. दुसऱ्यात घरच्याला आश्वासन दिले जाते. भारतातील खरेदीचे नियम, १८८३ पासून आजपर्यंत, पहिल्या प्रकाराकडे झुकत आले आहेत. इथेनॉलच्या बाबतीत हा झुकाव टोकाला गेला आहे. परक्याला पूर्ण मज्जाव आहे, आणि तरीही सोनईच्या सभासदाला पुढील हंगामात आपल्या उसाचे काय होईल ते सांगता येत नाही. ज्या स्वदेशीच्या विचाराने अशा नियमांना नैतिक अधिष्ठान दिले, त्याच्याशी ही स्थिती सुसंगत नाही.

यावरून सुधारणेची दिशाही स्पष्ट होते. गाळपाचा हंगाम सुरू झाल्यावर त्या हंगामासाठी खरेदीचे नियम बदलू नयेत, आणि बदलणे भागच पडले तर झालेल्या खर्चाची भरपाई खरेदीदाराने करावी. इथेनॉलचा भाव उसाच्या दराशी सूत्राने जोडावा. व्याजसवलतीच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या प्रकल्पाला कर्जाच्या मुदतीइतका तरी खरेदीकरार मिळावा, आणि त्या करारात पाण्याच्या अटी असाव्यात. शेवटी, अग्रक्रम कोणत्या वर्षी कमी होईल व कोणत्या वर्षी संपेल, हे आरंभीच सांगावे. कारण मुदत ठाऊक असलेले संरक्षण उद्योगाला सावध ठेवते आणि शासनालाही शब्दाला बांधून ठेवते. देशी माल कोणता, हे ठरविणारी कलमे आजच्या नियमांत पुष्कळ आहेत. देशी माल घेणाऱ्याने काय द्यावयाचे, हे ठरविणारी कलमे अद्याप लिहावयाची आहेत.